गंगेपार गेलेली गाठ

कुसाबाईंनी नामपूरच्या खळ्यावर उभा जन्म कांद्याच्या गोण्या शिवल्या. बाई डावखुरी. त्यामुळे दाभण सगळ्यांच्या उलट दिशेनं धावायचं आणि शेवटची दुहेरी गाठ उजव्या कोपऱ्यात पडायची. लेक पायल चांगली उजव्या हाताची, पण आईकडे बघून शिकली म्हणून तीही उलटंच शिवते. खळ्यावर सगळे हसतात, हसोत बापडे.

गुडघ्यांनी असहकार पुकारला तशा बाई नाशकात मुलाकडे आल्या आणि विहारात जाऊ लागल्या. तिथं भन्तेंनी वैशालीची गोष्ट सांगितली. बुद्धांना वाढवणारी मावशी, महाप्रजापती गौतमी, सुजल्या पायांनी, धुळीनं माखून दारात उभी राहिली आणि बायकांना संघात जागा मिळवूनच हटली. तेव्हापासून कुसाबाईंना वैशाली एकदा डोळ्यांनी बघायची होती. पायललाही. पण विहाराची सहल निघाली वैशाखात, उन्हाळ कांद्याच्या ऐन हंगामात.

"तू जाय, आई," पायल फोनवर म्हणाली, "मन्हाकडथून बी पाया पडी ये."

पाटण्याला पोचले तर वैशालीकडे नेणाऱ्या गंगेच्या पुलावर ट्रकांची ही रांग! भन्ते म्हणाले, "नावेनं जाऊ. तथागतही इथूनच पार गेले होते." सगळे हरखले. कुसाबाई मात्र दोन पावलं मागं सरल्या. लहानपणी मोसम नदीच्या पुरात त्यांनी म्हैस वाहून जाताना पाहिली होती, तेव्हापासून घोटाभर पाण्याशीही त्यांचं वाकडं. आणि ही तर गंगा! पलीकडचा काठ म्हणजे नुसती रेघ.

"तुम्ही जाऊन या, भन्ते. मी बसते इथंच."

बायांनी हात ओढले, बाई ढिम्म. लेकीचा निरोप काळजाला टोचत होता, पण पाऊल उचलेना.

तेवढ्यात अडकलेल्या ट्रकमधल्या कांद्याच्या गोण्या हमाल त्याच नावेत चढवू लागले. बाईंनी सवयीनं शिवणीकडे पाहिलं आणि पाहतच राहिल्या. उलटे टाके. उजव्या कोपऱ्यात दुहेरी गाठ.

"मन्ही पोरनी शिवेल शे हाई!"

कुठं नामपूर, कुठं पाटणा! लेकीच्या हातचा टाका गंगा ओलांडायला निघालाय, आणि आपण काठावर फतकल मारून? बाई उठल्या, नावेत चढल्या, त्याच गोणीला टेकल्या आणि डोळे गच्च मिटून घेतले.

मधोमध कधीतरी उघडले. चहूकडे पाणी, त्यावर उन्हाचा लखलखाट, आणि एवढ्या पसाऱ्यावर नाव अलगद चाललेली. याच पाण्यावरून तथागत गेले, किती गावचे व्यापारी माल घेऊन गेले आणि आता आपला कांदा जातोय. बाईंचा ऊर भरून आला. भीती होतीच, पण तिच्याकडे बघायला सवड नव्हती.

पलीकडच्या बाजारात दुकानदारानं ती गोणी उसवली आणि सुतळी फेकून दिली. बाईंनी उचलून कनवटीला लावली.

वैशालीच्या स्तूपापाशी सगळ्यांनी फुलं ठेवली. कुसाबाईंनी सुतळी काढली आणि गाठ न सोडता फुलांशेजारी ठेवली. मग कुरकुरते गुडघे टेकून त्या गौतमीला म्हणाल्या,

"माय, हाई मन्ही पायल."