आमची जाहिरात, त्याचा कार्यक्रम

"मृदुला, ज्यू लोक माझ्या हॉटेलवर का चिडलेत?"

सोमवारी सकाळी सिंगापूरच्या ऑफिसात पोचल्या पोचल्या फोन वाजला आणि मिस्टर लिमनी नमस्कार-चमत्कार न करता थेट हेच विचारलं. ते एका हॉटेल ग्रुपचे मार्केटिंग हेड होते. ग्रुपची हॉटेलं आशियाभर होती आणि त्यांच्या टीव्हीवरच्या जाहिरातींचं काम आमच्या एजन्सीकडे होतं. वीकेंडला त्यांच्या इनबॉक्समध्ये ईमेलचा ढीग पडला होता. बहुतेक अमेरिकेतून आलेले आणि मजकूर जवळपास एकच : अमुक माणसाच्या कार्यक्रमात तुमची जाहिरात दिसते, ती काढा.

"आपण त्याच्या कार्यक्रमात जाहिरात देत नाही, राइट?"

"नाही देत," मी म्हटलं. "तो कार्यक्रम आपण घेतलेलाच नाही."

"Sure ah?"

"चेक करून सांगते."

माझं काम मीडिया बाइंगचं. जाहिरात बनवणारे लोक वेगळे. ती बनली, की कुठल्या चॅनेलवर, कुठल्या वेळी दाखवायची ते ठरवून ती जागा आम्ही विकत घेतो. जाहिरात एकदा दाखवली की तो झाला एक स्पॉट. स्पॉट घ्यायच्या दोन तऱ्हा. फिक्स्ड स्पॉट म्हणजे अमुक कार्यक्रमाच्या अमुक ब्रेकमध्येच. दुसरी तऱ्हा 'रन ऑफ शेड्यूल', म्हणजे दिवसभरात चॅनेलला सोयीचं वाटेल तिथे. ती स्वस्त पडते, म्हणून सगळेच घेतात. एका अमेरिकन न्यूज चॅनेलवर या हॉटेलसाठी आम्हीही तीच घेतली होती.

तो माणूस म्हणजे त्या चॅनेलवरचा एक भाष्यकार. शर्टाच्या बाह्या दुमडून, टेबलावर पुढे वाकून, रोज कोणावर तरी घसरायचा. आपल्याला न पटणारा प्रत्येक जण त्याच्या लेखी नाझी. शाळेत मुलांना सकस जेवण द्यावं असा नियम येणार होता, त्यावर तो म्हणाला होता, हे म्हणजे मुलांना गॅस चेंबरच्या रांगेत उभं करणं. न्यूयॉर्कमधल्या ज्यूंच्या एका संस्थेने हे वाक्य धरून त्याच्याविरुद्ध मोहीम उघडली होती. ही संस्था एरवी घरकामगारांचे हक्क, निर्वासितांची राहण्याची सोय, असं सामाजिक न्यायाचं काम करायची. पुष्कळ रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, सह्यांचं एक उघडं पत्र त्यांनी छापलं होतं. आमच्या मेलेल्या माणसांना रोजच्या भांडणात मसाला म्हणून वापरू नका, असा त्याचा मथितार्थ. आता ते त्या कार्यक्रमात दिसणाऱ्या प्रत्येक जाहिरातदाराला लिहीत होते.

मी चॅनेलच्या सिंगापूरमधल्या सेल्समनला फोन लावला. तो हसला. "तो शो फक्त अमेरिकेतल्या फीडवर आहे. तुमची जाहिरात एशिया फीडवर जाते, तिथे तो नाही." फीड म्हणजे एकाच चॅनेलची वेगवेगळ्या भागांसाठीची आवृत्ती.

माझी बॉस शार्लीन अस्सल सिंगापोरी, या धंद्यात मुरलेली. तिचं म्हणणं सोपं होतं. "उत्तर देऊ नकोस. थोडे दिवस जाऊ देत, everybody forget already lah."

तिची काळजी मला कळत होती. वर्षअखेरीला या हॉटेलचा पिच होता. पिच म्हणजे क्लायंट तीन-चार एजन्सींना बोलावून पुन्हा नव्याने निवड करतो. हे अकाउंट, म्हणजे या क्लायंटचं काम, गेलं तर आमची टीम जाणार. टीम गेली तर माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहून काम करायचा परवाना, धोक्यात. आम्ही क्वीन्सटाउनला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. नवऱ्याची, अनिरुद्धची, कंपनी नुकतीच बंद पडली होती आणि तोही माझ्याच पासवर होता.

मिस्टर लिमनी सगळे ईमेल मला फॉरवर्ड केले. त्यातला एक वेगळा निघाला. सिंगापूरहूनच आलेला, स्वतःच्या शब्दांत लिहिलेला. 'मी फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्या हॉस्पिटलच्या डे-रूममध्ये गेल्या आठवड्यात तुमची जाहिरात पाहिली. त्याआधी काय चाललं होतं ते तुम्ही पाहिलंत का?' खाली फोन नंबर आणि नाव : एस्तर झिराडकर.

झिराड अलिबागजवळ. शाळेत असताना आमची सहल तिथून गेली होती. मी फोन लावला, इंग्रजीत ओळख करून दिली आणि शेवटी राहवेना म्हणून विचारलं, "तुम्ही अलिबागकडच्या का?"

पलीकडून अगदी ठाण्याच्या मराठीत उत्तर आलं, "मूळचे तिकडचेच आम्ही. तुम्ही कुठल्या?"

"पुण्याची."

"मग इंग्रजी कशाला बोलतोय आपण?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ऑफिसजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडपात, भेटलो. पन्नाशी ओलांडलेली बाई, केस कापलेले, हॉस्पिटलचा युनिफॉर्म. मरीन परेडहून रोज बसने यायच्या. त्यांनी फक्त लिंबाचं सरबत घेतलं. तिथलं जेवण त्यांना धर्माच्या नियमांमुळे चालत नव्हतं.

"आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू," त्या म्हणाल्या. "कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणायचे. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून. गावाने आम्हाला कधी त्रास दिला नाही. युरोपात जे झालं त्यात माझ्या घरचं कोणीही गेलेलं नाही. हे आधीच सांगते, नाहीतर लोकांना वाटतं माझं वैयक्तिक दुःख आहे."

"मग तुम्ही या मोहिमेत कशा?"

"बहीण न्यूयॉर्कला त्या संस्थेत आहे. ती नेहमी ईमेल पाठवते, मी नेहमी वाचून सोडून देते." त्यांनी स्ट्रॉने बर्फ ढवळला. "पण माझ्याकडे एक पेशंट आहेत. हंगेरीत जन्मलेले. लहानपणी छावणीत होते, आई-वडील तिथेच गेले. आता खुब्याचं ऑपरेशन झालंय. डे-रूममध्ये मी त्यांना वॉकर धरून चालवत होते आणि टीव्हीवर हा माणूस ते रांगेचं बोलला. ते थांबले. म्हणाले, बंद कर. रिमोट सापडेना. मी त्यांना धरलेलं, सोडून जाऊही शकत नव्हते. तेवढ्यात ब्रेक लागला आणि तुमची जाहिरात आली. त्याच रात्री बहिणीला कळवलं आणि हॉटेललाही लिहिलं."

जाहिरात मला पाठ होती. आजोबा नातीला हॉटेलच्या पूलमध्ये पोहायला शिकवतात आणि शेवटी ओळ येते : इथे सगळेच घरचे.

"ते काही बोलले?" मी विचारलं.

"काही नाही. पण तो दिवस आणि पुढचे दोन दिवस चालायलाच तयार नव्हते."

मग मी धंद्याचा प्रश्न विचारला. "तुम्हाला नक्की काय हवंय? त्याचा शो बंद?"

"मला? नाही. त्याला बोलायचंय तर बोलू दे. तुमच्या पैशावर बोलू नये."

"पण चॅनेलवाले म्हणतात, हा शो इथे दिसतच नाही."

"शनिवारी सकाळी लावून बघ," त्या म्हणाल्या. तुम्हीवरून तू कधी झालं ते माझ्या लक्षात आलं नाही. "मी शनिवारी टीव्ही लावत नाही. पण वॉर्डातल्या नर्सने सांगितलं, तेव्हाही असतो."

शनिवारी सकाळी अनिरुद्ध आणि मी चहा घेऊन टीव्हीसमोर बसलो. त्याचा रोजचा ताजा कार्यक्रम एशिया फीडवर नव्हता हे खरं. पण रिकाम्या वेळात, वीकेंडला आणि अधूनमधून दुपारीही, चॅनेल त्याचेच जुने भाग लावत होतं. सेल्समनला ते माहीत नव्हतं, की त्याने पाहिलंच नव्हतं, कोण जाणे. अनिरुद्ध थोडा वेळ बघत राहिला. "हा सकाळी सकाळी एवढा कशाने पेटलाय?" असं म्हणेपर्यंत ब्रेक लागला आणि आजोबा पूलमध्ये उतरले. मी रेकॉर्डिंग करून ठेवलं.

सोमवारी शार्लीनला सगळं सांगितलं, एस्तरताई मराठी आहेत हेही. लपवून ठेवलेली ओळख नंतर अंगावर येते.

ती खुर्चीत मागे टेकली. "तू तिला भेटलीस. तुझ्याच भाषेतली. उद्या मिस्टर लिम म्हणतील, माझी एजन्सी अॅक्टिव्हिस्टच्या बाजूने काम करते."

"म्हणून तर मी सल्ला देणार नाही. फक्त रेकॉर्डिंग दाखवते. बाकी तू बोल."

"आणि त्याचे फॅन मागे लागले तर? इथे रेस आणि रिलिजन म्हटलं की सगळ्यांनाच धडकी भरते, you know."

"शक्य आहे. तेही सांगू या."

मीटिंगमध्ये मी रेकॉर्डिंग लावलं. मिस्टर लिम हात बांधून बसले होते. भाष्यकाराचं बोलणं संपलं, पूल आला, ओळ आली.

"पुन्हा लाव," ते म्हणाले.

पुन्हा लावलं.

"काढलं तर त्याचे लोक मला झोडपतील?"

"काही जण नक्की," मी म्हटलं.

"नाही काढलं तर?"

"हे ईमेल चालू राहतील."

शार्लीनने गप्प राहण्याचा मुद्दा मांडला, आणि चांगला मांडला. त्यात तथ्यही होतं. बऱ्याच मोहिमा आपोआप विझतात. मिस्टर लिमनी सगळं ऐकून घेतलं. मग मला विचारलं, "त्या हॉस्पिटलच्या बाई. त्यांना शो बंद करायचाय?"

मी एस्तरताईंचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं.

त्यांनी बांधलेले हात सोडले. "माझी आई डायलिसिसला जाते. तिथेही असाच टीव्ही असतो, कोणाला चॅनेल बदलता येत नाही." मग एकदम कामाच्या सुरात म्हणाले, "काढा. पण स्टेटमेंट नको. कुठल्याही बाजूला माझं नाव नको."

काढा म्हणणं सोपं होतं. चॅनेलचा सेल्समन म्हणाला, रन ऑफ शेड्यूलमध्ये अमुक कार्यक्रम नको असं सांगता येत नाही, पॅकेजच तसं असतं. आमची बरीच वादावादी झाली. शेवटी मी सगळे स्पॉट फिक्स्ड करून घेतले आणि करारात एक अट टाकली : खालील कार्यक्रम आणि त्यांचं पुनःप्रसारण वगळून. फिक्स्ड महाग, त्यामुळे त्याच पैशात स्पॉट जवळपास निम्मे झाले. मिस्टर लिमनी कुरकुर न करता सही केली.

एस्तरताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "चांगलं झालं." मग, "बहिणीला कळवते."

"नाव जाहीर करू नका, ताई. क्लायंटची तेवढीच अट आहे."

"मी सांगेन तिला. पण संस्था माझी नाही, मृदुला. आणि जाहिरातदार बाहेर पडले हे लोकांना दिसलंच नाही, तर पुढचा कशाला पडेल?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. माझंही नव्हतं. संस्थेने माघार घेतलेल्या कंपन्यांची नावं प्रसिद्ध केली आणि त्यात आमचं हॉटेल होतं. मग भाष्यकाराच्या चाहत्यांचे ईमेल सुरू झाले आणि पहिल्यांपेक्षा ते बरेच घाणेरडे होते. काही मलाही आले, एजन्सीच्या वेबसाइटवरचं माझं नाव पाहून आणि मी भारतीय हे ओळखून. मिस्टर लिम माझ्यावर ओरडले नाहीत. त्यांनी फोन घेणंच बंद केलं. शार्लीननेही मला सुनावलं नाही. "आता पिचला तू येऊ नकोस," एवढंच म्हणाली.

एस्तरताईंवर मी चिडले होते. त्यांनी स्वतःहून फोन केला. "बहिणीशी भांडले मी," त्या म्हणाल्या. "तिने ऐकलं नाही. पण खरं सांगू, तिच्या जागी असते तर मीही छापलं असतं." पुढे आम्ही भेटत राहिलो, पण तो विषय दोघींनी परत काढला नाही. त्यांचे ते पेशंट काठी घेऊन चालत घरी गेले, हे मात्र त्यांनी मुद्दाम कळवलं.

पिचमध्ये अकाउंट गेलं. कारण म्हणून 'नवा दृष्टिकोन हवा' असं सांगण्यात आलं. आमची टीम विखुरली. शार्लीनने मला एका बिस्किटांच्या अकाउंटवर घेतलं, त्यामुळे पास वाचला. ते तिने का केलं हे मी विचारलं नाही.

भाष्यकाराचा कार्यक्रम पुढे बराच काळ चालला. मग एकदा तो आणि चॅनेल वेगळे झाले. चॅनेल म्हणालं, करार संपला. संस्था म्हणाली, आम्ही जिंकलो. जाहिराती कमी झाल्या होत्या हे मला धंद्यातून माहीत होतं. त्याच कारणाने तो गेला का, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही.

पिचनंतर काही महिन्यांनी एका अनोळखी मुलीचा फोन आला. ज्या एजन्सीकडे हॉटेल गेलं होतं, तिथली ती प्लॅनर होती. जरा ओशाळल्यासारखी बोलत होती. मिस्टर लिम म्हणतात, प्रत्येक चॅनेलच्या करारात ती वगळण्याची अट हवीच, आणि त्या अटीचे नेमके शब्द मृदुलाकडे आहेत. द्याल का?

मी पाठवले. हिने पैसे वाचवायला पुन्हा रन ऑफ शेड्यूल घेऊ नये, म्हणून खाली एक ओळही लिहिली. ती आता मी नव्या लोकांना शिकवताना पहिल्याच दिवशी सांगते : 'कुठेही लावा' म्हणून घेतलेली जाहिरात शेवटी कुठेतरीच लागते, आणि तिथे कोणीतरी बसलेलं असतं. आधी तिथे जाऊन बसून बघा, मग विकत घ्या.