बशीएवढी गाठ

माझ्या सासूबाई लाकडाच्या वखारीत अक्रोडाच्या फळ्यांना प्रत लावायच्या. फळी उलटीपालटी करून जी बाजू वाईट, तिच्यावरूनच प्रत ठरवायची, असा त्यांचा खाक्या. घरी आलेल्या पाहुण्यांनाही त्या तशाच निरखायच्या, म्हणून आमच्याकडे फारसं कुणी फिरकत नसे.

जेवणाच्या टेबलासाठी मी त्यांच्याकडे पहिल्या प्रतीची फळी मागितली. त्यांनी आणली ती अगदी खालच्या प्रतीची, मधोमध बशीएवढी गाठ असलेली.

"आई, घरच्यांच्या गळ्यात टाकाऊ माल?" मी फणकारले.

"अगं, गाठी टाळून फळीतून बिनडागाचे तुकडे किती निघतील, एवढंच प्रत सांगते. तुला काय टेबलाचे तुकडे करायचेत?"

मी गाल फुगवूनच ती फळी सुताराकडे धाडली.

सुताराने रंधा मारून तेल चढवलं आणि गाठीभोवतीच्या काळसर रेषा भोवऱ्यासारख्या उठून आल्या. मी बघतच राहिले.

पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी नेमकं तिथेच गरम पातेलं टेकवलं. सासूबाई तोंड उघडायच्या आत मीच सासऱ्यांवर खेकसले. सासूबाईंना इतका आनंद झाला, की त्या दिवशी सगळी भांडी त्यांनीच घासली.