बाबांचं पोट

आई गेल्यानंतर थोड्याच आठवड्यांत बाबांना न्यूमोनिया झाला. अकोल्यात दवाखान्यात राहून ते बरे झाले आणि मी त्यांना पुण्यात बिबवेवाडीला माझ्या घरी घेऊन आले. मी एकटीच राहते, काम बरंचसं घरूनच असतं. पचायला हलकं म्हणून मऊ भात, ब्रेड, बिस्किटं, जे सुचलं ते मी त्यांना देत होते.

पोट काही ताळ्यावर येईना. कधी फुगायचं, कधी जुलाब. पेपर उघडून बसायचे, पण पान उलटायचे नाहीत. मी हे सगळं आईच्या जाण्याशी जोडलं आणि एका समुपदेशकाची वेळ घेतली.

"काहून?" बाबा म्हणाले. "मले पोटाचा त्रास आहे, डोक्याचा नाही."

"तुम्ही आईचं नावसुद्धा काढत नाही, बाबा."

"मी पोटाचं सांगतो, अन् तू आईचं काढते."

शेवटी आधी पोटाच्या डॉक्टरकडे जायचं ठरलं. सदाशिव पेठेतल्या एका डॉक्टरबाईंना मी आईचं आणि समुपदेशकाच्या वेळेचंही सांगितलं. त्यांनी तपासण्या करून घेतल्या. मोठं काही निघालं नाही. मग त्यांनी बाबांना खाण्याबद्दल विचारलं. बाबांनी प्रामाणिकपणे सगळं सांगितलं.

"आणि हा आहार कुणी ठरवला?"

"मी," मी म्हणाले.

"वाटलंच."

मग त्यांनी समजावलं. आतड्यात असंख्य जिवाणू राहतात. धान्यं, डाळी, भाज्यांतला आपल्याला न पचणारा चोथा हे त्यांचं अन्न. त्यातून ते आतड्याच्या अस्तराला पोसणारी द्रव्यं तयार करतात. न्यूमोनियाच्या अँटिबायोटिकनं रोगाच्या जंतूंबरोबर यातलेही बरेच मेले असणार. औषध गरजेचंच होतं, पण नंतर उरलेल्यांना खायला काही मिळालं नाही. शिवाय आतडं आणि मेंदू यांच्यात सतत निरोपांची ये-जा असते, दोन्ही बाजूंनी.

"म्हणजे उदासी पोटामुळे आहे?" मी विचारलं.

"असं मी म्हणाले नाही. त्यांची पत्नी गेली आहे. पोट सुधारा, आणि समुपदेशकाची वेळ घेतली आहे तीही रद्द करू नका."

बाबांना ज्वारी हवी होती. मार्केट यार्डातून ती आम्ही दोघांनी आणली. निवडताना ते दाणा दाताखाली फोडून बघत होते. दळण आणल्यावर भाकरी मीच थापायची. सोबत डाळ, पालेभाजी, घरी लावलेलं दही. डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणे चोथा हळूहळू वाढवला. पहिल्या आठवड्यात पोट जास्तच फुगलं आणि बाबा माझ्यावर चिडले. मग ते कमी होत गेलं. झोप लागू लागली. पेपरातल्या बातम्यांवर शेरे सुरू झाले.

एका दुपारी मी भाकरी थापत असताना ते ओट्याशी येऊन उभे राहिले.

"पाणी कमी झालं तुहं," ते म्हणाले. "तुही आई जास्त घाले."

एवढं बोलून ते रडायला लागले. बराच वेळ रडले. मी गॅस बंद केला आणि त्यांच्याजवळ उभी राहिले. नंतर त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली आणि समुपदेशकाकडे कधी जायचं, ते विचारलं.

आधी काय सुधारलं, पोट की मन, हे मला सांगता येणार नाही. पुढच्या भेटीत मी डॉक्टरबाईंना विचारलं, तर त्यांनाही ते ठरवता येत नव्हतं. दिवाळीनंतर बाबा अकोल्याला परत गेले. मी राहा म्हणाले होते. तिथे आता ते स्वतः स्वयंपाक करतात आणि फोनवर आईबद्दल बोलतात.