पांढरीवरचे खांब

ग्रीकबाई चिडल्या की पायातली चप्पल काढायच्या. नवीन माणूस दोन पावलं मागं सरकायचा, कारण आमच्या भागात चप्पल हातात आली की पुढं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. बाई मात्र ती बाजूला काढून ठेवायच्या आणि अनवाणी उभ्या राहून भांडायच्या. ‘चप्पल पायात असली की माणूस निघून जातो,’ असं त्यांचं म्हणणं. त्या कधी निघून गेल्या नाहीत. समोरचाच जायचा.

आमचं गाव तेरच्या खाली, तेरणेच्या काठी. तेरला लोक जुन्या वस्तू बघायला येतात, बसेस भरून शाळांच्या सहली येतात. आमच्या गावालाही तसलंच एक जुनं टेकाड होतं, गावाबाहेर, राखेसारख्या मातीचं. त्याला आम्ही पांढरी म्हणायचो. तिथं मात्र ट्रॅक्टरशिवाय कुणी आलं नाही. बाई आमच्या शाळेवर इतिहास शिकवायला आल्या त्या एकट्या, लहान मुलीला घेऊन. नवरा आधीच गेला होता. आल्या त्याच आठवड्यात त्या पांढरीवर चढल्या आणि पदरात खापराचे तुकडे भरून घेऊन आल्या. तेव्हापासून पुढचं सगळं आयुष्य बाई त्या टेकाडासाठी भांडल्या. तिथं कुणीतरी रीतसर खोदावं, एकेक थर उलगडून इथं कोण राहत होतं ते गावाला सांगावं, एवढीच त्यांची मागणी होती.

ग्रीकबाई हे नाव गावानं ठेवलं आणि त्यांना ते बिलकुल आवडायचं नाही. चूक त्यांचीच होती. धडा कुठलाही असो, तो शेवटी तगरला पोचायचा. तगर म्हणजे आपलं तेर. दोन हजार वर्षांपूर्वी इथलं कापड बैलगाड्यांतून भडोचला जायचं आणि तिथून ग्रीक व्यापाऱ्यांच्या गलबतांत चढायचं. पहिल्या महायुद्धाचा धडा चालू असला तरी बाई त्यातून वाट काढून भडोचच्या बंदरात यायच्या. पोरांच्या डोक्यात कापड राहिलं नाही, बैलगाड्या राहिल्या नाहीत, ग्रीक तेवढे राहिले. ‘अरं, ग्रीक इथं राहात नव्हते,’ त्या ओरडायच्या. ‘राहात होते आपलेच लोक. विणकर, कुंभार, मणी करणारे. ग्रीक नुसते गिऱ्हाईक.’ पण गावाला गिऱ्हाइकाचंच कौतुक.

आमच्याकडची जुनी घरं माळवदाची. वर सपाट मातीचं छत, आणि त्यावर दर उन्हाळ्यात पांढरीची माती आणून टाकायची, चोपायची, की पावसात घर गळत नाही. शेकडो वर्षं गाव हेच करत आलंय. पांढरीची माती म्हणजे बुजलेल्या घरांच्या भिंती, चुलींची राख, फुटकी मडकी. पाऊस पडला की पन्हाळीखाली खापराचे तुकडे आणि लाल-निळे मणी पडायचे. बायका ते मणी वेचून लेकरांच्या करदोड्यात ओवायच्या. माझ्याही कमरेला एक होता. बाईंना तो पहिलीतच दिसला आणि त्या तडक आमच्या घरी आल्या. आई माळवदावर मातीची पाटी ओतत होती. बाई शिडीनं वर चढल्या.

‘वहिनी, काय करायलाव? तुमच्या डोक्यावर कुणाचं तरी घर हाय.’

‘आसंल की,’ आई म्हणाली. ‘माजं गळतंय, त्याचं काय? तुमचे ग्रीक येत्यात का खाली भांडी ठिवायला?’

बाईंनी चप्पल काढली. आईनंही काढली. मग दोघी भर उन्हात माळवदावर भांडल्या आणि माती तापलेली असल्यामुळं भांडण लवकर आटपलं. खाली आल्यावर आईनं त्यांना ताक दिलं. बाईंनी ते पिऊन टाकलं आणि जाताना म्हणाल्या, ‘तुमच्यावर राग न्हाय, वहिनी. गळणाऱ्या घरावर राग धरता येत न्हाय. पण एक पाटी तरी कमी टाका.’ आई पुढं दरवर्षी एक पाटी कमी टाकायची आणि तेवढ्या कोपऱ्यात घर गळायचं. तिथं आम्ही घागर ठेवायचो.

स्वतःच्या माळवदावर बाईंनी कधी पांढरीची माती टाकली नाही. नदीकाठची चिकणमाती आणून टाकायच्या, ती उन्हात तडकायची आणि पावसात त्यांचं घर गावात सगळ्यांत जास्त गळायचं. लोक हसायचे. त्यांची पुस्तकं कायम पलंगावर प्लास्टिकच्या कागदाखाली असायची आणि त्या स्वतः खाली चटईवर.

मग गावातली माळवदं गेली, स्लॅब आले, बाईंचं तेवढं माळवद राहिलं. बाईंना वाटलं, आता तरी टेकाड सुटलं. पण पाटीच्या जागी ट्रॉली आली. पांढरीची माती उसाला मानवते असं कुणीतरी सांगितलं आणि टेकाडाला एका अंगानं जे लचके तुटू लागले ते पाहवत नव्हतं. बाईंनी ज्या ज्या कचेरीत अर्ज द्यायचा तिथं दिला. कुठं ‘पाहणी करू’ म्हणाले, कुठं ‘हे आमच्याकडं येत नाही’ म्हणाले. एक साहेब चहा पाजून म्हणाले, ‘मॅडम, जिल्ह्यात अशी टेकाडं खूप आहेत.’ बाई म्हणाल्या, ‘जिल्ह्यात साहेबही खूप आहेत, म्हणून एखादा कमी केला तर चालेल का?’ त्यांचा तो अर्ज पुढं सरकला नाही हे सांगायला नको. मला त्या साहेबाचं नाव आजही पाठ आहे. इथं लिहून त्याला मोठं करायची माझी इच्छा नाही.

मी वकील होऊन धाराशिवला आले तेव्हा बाई रिटायर झाल्या होत्या आणि त्यांची मुलगी इटलीत, नेपल्सला नोकरीला होती. तिनं आईला एकदा बोलावून घेतलं. बाई गेल्या, आणि परत आल्या त्या जास्तच पेटून. नेपल्सच्या संग्रहालयात त्यांनी एक हस्तिदंती बाहुली पाहिली. ज्वालामुखीच्या राखेत गाडलेल्या शहरात सापडलेली, आपल्या देशातून गेलेली, अगदी तेरला सापडलेल्या बाहुलीची बहीण शोभावी अशी. ‘आपली पोरगी काचेत बसलीय तिथं,’ त्या मला सांगत होत्या. ‘मी तिच्याशी मराठीत बोलले. पहारेकरी बघत राहिला. बघंना का.’

पण त्यांच्या मनात घर केलं ते पेस्टम नावाच्या गावानं. ग्रीक लोकांनी समुद्र ओलांडून इटलीच्या किनाऱ्यावर वसवलेलं ते शहर. पुढं दलदल झाली, हिवताप आला, लोक सोडून गेले. राहिली ती तीन देवळं, पिकल्या ज्वारीच्या रंगाच्या दगडाची, जाड खांबांची. आजूबाजूला शेतं आणि म्हशी. ‘काळ्याभोर, आपल्यासारख्याच म्हशी गं. पण एक म्हैस त्या भिंतीला अंग घासत न्हाय. कुंपण हाय.’ तिथल्या एका थडग्यातलं चित्र त्यांनी पाहिलं: एक तरुण उंचावरून पाण्यात सूर मारतोय. ते चित्र थडग्याच्या झाकणाला आतून काढलेलं होतं, म्हणजे ते फक्त मेलेल्याला दिसणार. हे सांगताना बाईंचा आवाज चढला. ‘मेलेल्या माणसाला दिसावं म्हणून तिथं चित्र काढलं. आणि आपल्याला जितेपणी समोर दिसतंय ते आपण उसात टाकतो.’

गावात परतल्यावर त्यांनी शाळेच्या भिंतीवर पेस्टमचे फोटो दाखवले. सगळं गाव आलं. आमचा सरपंच बाप्या, म्हणजे बापूराव, तोही पुढं बसला होता. बाईंचाच विद्यार्थी, माझ्या वर्गातला, मनानं लोण्यासारखा. बाई तास-दीड तास बोलल्या. थर म्हणजे काय ते सांगितलं. सगळ्यांत खालचा माणूस सगळ्यांत आधीचा, थर जागेवर असले तरच कोण कुणाच्या आधी ते कळतं, एकदा कालवले की खापर नुसतं खापर. बाप्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो उठून म्हणाला, ‘बाई, आपली पांढरी मी वाया जाऊ देणार न्हाय. ह्ये फोटो तेवढे मला मोबाइलवर पाठवा.’ बाईंनी पाठवले. त्या दिवशी त्या फार खूश होत्या. ट्रॅक्टरही खरोखरच बंद झाले.

पुढच्या वर्षी बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन सोलापूरला झालं आणि नंतर विश्रांतीला त्या माझ्याकडं धाराशिवला राहिल्या. बाप्याचा रोज फोन. ‘बाईंना लवकर आणू नकोस. आमी त्यांना एक गंमत दाखवणार हाय.’ मीही हसून बरं म्हणायचे.

मी त्यांना गाडीतून गावी नेलं तेव्हा दुपार होती. वळणावरून टेकाड दिसायला हवं होतं. ते नव्हतं. तिथं एक सपाट मैदान होतं, फरशी बसवलेली, आणि मैदानावर रांगेनं उभे होते सिमेंटचे जाड खांब. पिवळा रंग दिलेले, पेस्टमच्या देवळासारखे. वर काही नाही, नुसते खांब, प्रत्येकाच्या बुडाशी दिवे. बाजूला पाटी: ‘प्राचीन ग्रीक नगरी’. गाव हार घेऊन उभं होतं. हलगी वाजत होती.

बाई गाडीतून उतरल्या. त्यांना वाकता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं, आणि मी खाली बसून त्यांची चप्पल काढली. हलगी थांबली. गावाला ती खूण माहीत होती.

‘बाप्या,’ बाई म्हणाल्या, ‘माती कुठंय?’

‘वाया न्हाय घालवली, बाई,’ बाप्या आनंदानं म्हणाला. ‘जेसीबी लावून सगळी काढली. उसाला एक पाटी दिली न्हाय, तुमचा शब्द हाय न्हवं? तुमचं घर लई गळतंय म्हणून सगळ्यात आधी तुमच्या माळवदावर टाकली. चांगली जाड, चोपून. उरली ती रस्त्याच्या भरावाला.’

मी आजवर कोर्टात खुनाचे आरोपी पाहिलेत. इतका निष्पाप चेहरा एकाचाही पाहिला नाही. तो लबाड असता, त्यानं माती विकली असती, तर बाईंनी त्याला उभा सोलला असता आणि मी मीठ लावलं असतं. पण त्यानं प्रेमानं केलं होतं. बाईंनी सांगितलेलं बाकी सगळं गाळून शेवटी गावाला जे आवडलं ते होते खांब. जे विणकर इथं जगले त्यांची घरं उपटून, जे इथं कधी राहिलेच नाहीत त्या गिऱ्हाइकांचं देऊळ त्यांनी उभं केलं होतं.

बाई ओरडल्या नाहीत. ‘कुणाकुणाच्या चुली होत्या रं तिथं,’ एवढंच त्या म्हणाल्या. हार घालून घेतला. घरी गेल्या, उंबऱ्यापाशी थांबून वर छताकडं पाहिलं आणि मला म्हणाल्या, ‘मला ह्याच्याखाली झोप लागणार न्हाय.’ तेव्हापासून त्या माझ्याकडंच राहिल्या. त्या पावसाळ्यात त्यांचं घर पहिल्यांदा गळलं नाही.

मी दावा लावते म्हणाले. कागद तयार केले. बाईंनी ते वाचलेसुद्धा नाहीत. ‘कोर्ट माती परत थरांत लावून देणाराय का?’ मी कागद कपाटात ठेवून दिले.

शेवटी त्या दवाखान्यात होत्या तेव्हा बाप्या भेटायला आला. डबा घेऊन, शेंगदाण्याच्या चटणीसकट. त्याला तोवर कुणीतरी समजावून सांगितलं होतं. तो कॉटच्या पायथ्याशी बसला आणि म्हणाला, ‘बाई, म्हणत आसाल तर खांब पाडतो.’

‘पाडू नको,’ बाई म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता, पण धार तीच. ‘आता त्येबी जमिनीत जाऊ दे. दोन हजार वर्षांनी कुणी येडा उकरील आन् लिहून ठेवील, इथं ग्रीक राहात होते. त्याला खोटंच खरं वाटणार. ते पाप तुझ्या माथी, बाप्या.’

बाप्या रडला. बाईंनी त्याला चटणी कशात बांधलीय ते विचारलं, कारण डब्यातून तेल गळत होतं.

बाई गेल्या. मला त्यांचा शोक करायला हवा तितका जमत नाही, मधे राग येतो. साहेबांचा येतो, उसाचा येतो, आणि सगळ्यात जास्त बाप्याच्या त्या चांगुलपणाचा येतो, ज्याच्याशी भांडताच येत नाही. माणसं प्रेम करतात आणि ऐकत मात्र नाहीत, आणि आपण त्याला प्रेम म्हणून सोडून देतो.

परवा मी कामासाठी गावी गेले होते. खांबांपाशी एका नवरानवरीचे फोटो काढणं चाललं होतं. फोटोग्राफर लांबच्या गावचा होता. गाडी बाजूला घेताना मला ऐकू आलं, तो नवरीला सांगत होता, ‘खांबाला हात लावून उभ्या राहा, ताई. ह्ये लई जुनं हाय. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक लोकांनी बांधलंय.’

मी गाडी बंद केली आणि खाली उतरले. त्याला अथपासून इतिपर्यंत सांगितलं. विणकर सांगितले, मणी सांगितले, जेसीबी सांगितला. नवरानवरी ऊन उतरतंय म्हणून कुरकुरायला लागली. मी म्हटलं, उतरू दे, अजून संपलं नाही.