चक्कीची भरपगारी सुट्टी

सरकारी सुट्टीवर मनापासून जळणारा माणूस अख्ख्या पांढरकवड्यात एकच झाला, तो म्हणजे आमचे चक्कीवाले चाचा. बाकीचे लोक जळत नव्हते असं नाही, पण ते चहा संपेपर्यंत. चाचांचं जळणं त्यांच्या इंजिनासारखं. सकाळी एकदा पेटलं की दिवे लागेपर्यंत थांबायचं नाही. इंजिनाशेजारी जन्म गेल्यामुळे त्यांना हळू बोलणं माहीतच नव्हतं. कानात सांगायची गोष्टसुद्धा ते अशी सांगत की सडकेवरचे ट्रकवाले वळून बघत. भुवया, मिशा, कानावरचे केस, सगळं पिठानं पांढरं. घरी जाऊन तोंड धुतलं की त्यांची शेळी त्यांना ओळखत नाही, असं चाचीच सांगत. सरकारी माणूस दिसला की त्याला ते सलाम करत नसत, "आज सुट्टी नाही काय तुमची?" एवढंच विचारत. टपालवाल्याला विचारलं, देवीची लस टोचणाऱ्याला विचारलं. एकदा पोलीस शिपाई एका चोराला दोरीनं बांधून चक्कीवरून नेत होता, तर त्यालाही विचारलं, आणि तो डोळे वटारायच्या आत चोराला म्हणाले, "तुहंबी नशीब पाह्य, कामाच्या दिवशी सापडला."

मी गवंडी माणूस. शाळेत बसलो तेवढं बसलो, पुढं हात ओळंब्याला लागला. माझी भिंत हलत नाही आणि माझा शब्दही हलत नाही, म्हणूनच चाचांचं नि माझं जमायचं. माझ्या थोरल्या पोरीचं लग्न ठरलं. धम्म घेतल्यापासून आम्ही मुहूर्त पाहणं सोडलं होतं, तेव्हा जावयाच्या सोयीनं भाऊबीजेचा दुसरा दिवस धरला. जावई सरकारी शाळेवर मास्तर, त्याला दिवाळीची सुट्टी. हे कळल्यावर चाचा चक्कीतूनच ओरडले, "मिस्त्री, ज्यायच्यावर मी जनमभर जळलो, त्यायच्यातलाच घरात आणून राह्यला काय तू?" आमच्या मोहल्ल्यातल्या लग्नात तोवर गुळाचा भात व्हायचा. मी मात्र बुंदी म्हणून बसलो. माझी पोर सातवी शिकलेली, तिच्या पंगतीतून कोणी नाक मुरडून उठलेलं मला चालणार नव्हतं.

साखर तेव्हा परवान्यावर मिळे, आणि लग्नासाठी तहसील कचेरीतून वेगळा परवाना काढावा लागे. माझ्या परवान्यावर साहेबाची सही झाली होती, शिक्का तेवढा राहिला. पुरवठ्याचा बाबू म्हणाला, उद्या या. आणि त्याच संध्याकाळी वरून हुकूम आला की कर्मचाऱ्यांना दिवाळीच्या आधी जादा सुट्टी, तीही भरपगारी. झालं! माझा उद्या गेला, आणि आता कचेरी उघडणार ती पोर सासरी गेल्यावर. गावात त्या सुट्टीवरून नुसती बोंब उठली. कापूस वेचणारीला सुट्टी नाही, ट्रकवाल्याला नाही, मग पंख्याखाली बसणाऱ्याले कायले, असं जो तो म्हणू लागला. मला मात्र सगळ्यांनी एकच सल्ला दिला, मिस्त्री, गुळाचंच करा. मी म्हटलं, लग्न पुढं ढकलीन, पण बुंदीच होईल. बोललो खरा, घरात पोरीच्या तोंडाकडे पाहवेना.

दिवाळीच्या तोंडावर चक्कीसारखी सत्ता दुसरी नाही. त्या दिवसांत चाचांचा नेम असे: मिरची-हळद बंद, आधी चण्याची डाळ, मग चकलीची भाजणी, शेवटी ज्वारी. कोणाच्या लाडवाला परका वास लागता कामा नये. साहेबीण असो की मोलकरीण, भाजणीची पाळी चुकली की चकली चुकली. अशाच एका सकाळी रांग सडकेपर्यंत गेली होती, आणि सुट्टीच असल्यामुळे बाबू स्वतः डबा घेऊन आला होता, पायजमा नि बनियनवर. मीही माझी ज्वारी घेऊन मागे उभा होतो. बाबूची भाजणी चक्कीच्या तोंडाशी आली आणि चाचांनी इंजिन बंद केलं. इतकी शांतता त्या गल्लीनं कधी ऐकली नव्हती.

बाबूनं विचारलं, बिघडलं काय?

"बिघडलं नाही, बाबूसाब. चक्कीले भरपगारी सुट्टी हाय. आत्ताच वरून हुकूम आला."

"वरून म्हणजे कोठून?"

"तुमचा जेथून येते, तेथूनच."

बाया आधी चाचांवर उखडल्या. मग चाचांनी माझ्याकडे बोट दाखवून शिक्क्याची गोष्ट आपल्या त्या आवाजात सांगितली, आणि अख्खी रांग बाबूकडे वळली. बाबू म्हणाला, सुट्टीत कचेरी उघडता येत नाही, आणि किल्ली चपराशाकडे असते. तेव्हा रांगेतूनच एक बाई पुढे आली, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि बाबूच्या डब्यावर ठेवला. ती चपराशाची बायको होती. म्हणाली, "घ्या भाऊजी. माही भाजणी तुमच्या मागंच हाय."

मग काय विचारता! पुढे बनियनवरचा बाबू, मागे छाती काढून मी, आणि आमच्या मागे निम्मी रांग. शिक्का असा वाजला की मला तो आजही ऐकू येतो. परत आलो तर चाचा इंजिन पेटवून उभे. एका बाईनं आपला डबा पुढे सरकवला, तो त्यांनी बाजूला केला आणि बाबूची भाजणी आधी घेतली. म्हणाले, "यानं सुट्टीच्या दिवशी काम केलं. याले रांग नाही."

लग्नात बुंदी झाली. पंगती उठल्या तरी बुंदी उरली होती. बाबूनं दोनदा मागून घेतली आणि चाचांनी माझ्या जावयाला भर मांडवात विचारलं, शाळा कधी उघडते?

पुढं बाबूची बदली पुसदला झाली. चक्की बंद ठेवून चाचा त्याला पोचवायला बसपर्यंत गेले.

काही वर्षांनी चाचा गेले. कामाचा वार होता. कबरस्तानात माती देऊन वळलो, तर मागे बाबू उभा, पुसदहून आलेला, डोळे पुसत. मी म्हटलं, आज कसं काय जमलं?

"रजा काढली, मिस्त्री," तो म्हणाला.

भरपगारी की बिनपगारी, ते मी विचारलं नाही.