एका ‘पीं’ची बावीस वर्षं

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही पण ऐकायची हौस आहे अशांनाही, याद्वारे अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, फौजेच्या बँडात सतरा वर्षं क्लॅरिनेट वाजवून आदिलाबादला सुखरूप परतलेल्या एका इसमाने गेल्या रविवारी भैंसा या गावात पाऊल ठेवले. इसम म्हणजे मी. गाव बसने तीन तासांवर. पाऊल ठेवायला मला बावीस वर्षं लागली.

यात गंभीर ते काय, असं तुम्ही म्हणाल. भैंशाला रोज बसा भरभरून माणसं जातात, कापसाच्या गाड्या जातात, माझी बायको तर कितीदा जाऊन आली. मीच तेवढा जात नव्हतो. मुलीच्या अक्षराभ्यासाला, म्हणजे पहिलं अक्षर गिरवायला, बासरच्या सरस्वतीला निघालो, तेव्हा निर्मलहून भैंसा, मुधोळ, बासर असा सरळ रस्ता सोडून मी निजामाबादचा वळसा घातला. पोरीला गाडी लागली. बायकोने विचारलं, "काऊन इतकं फिरून?" मी म्हणालो, तिकडचा रस्ता खोदलाय. चार वर्षांनी मुलाच्या वेळीही तो खोदलेलाच होता. भैंशात नात्यातलं लग्न निघालं की मला ताप यायचा. खरा ताप, मी थर्मामीटर चहात बुडवत असे.

कारण भैंशात एक माणूस राहत होता.

फौजेत आम्हाला नावाने कोणी हाक मारत नसे. मी आदिलाबादी, तो भैंसावाला, आणि आमच्यातला तिसरा मुधोळवाला. आता जिल्ह्याचे तुकडे झाले, भैंसा-मुधोळ निर्मलकडे गेले, पण आम्ही भरती झालो तेव्हा सगळं आदिलाबादच होतं. तिघांच्याही हातात क्लॅरिनेट. बँड निघाला की सगळ्यात पुढे ड्रम मेजर, त्याच्या हातात चांदीच्या मुठीची लांब काठी, आणि लगेच मागे पहिल्या रांगेत आम्ही तिघे. काठी वर गेली की थांबायचं, खाली आली की वाजवायचं. फौजेच्या बँडातलं निम्मं शास्त्र एवढंच आहे. उरलेलं निम्मं म्हणजे बूट चमकवणं.

एकदा मोठे जनरलसाहेब पाहणीला आले. आम्ही सलामीची धून वाजवली, काठी वर गेली, आम्ही थांबलो. आता जनरलसाहेब सलाम घेणार, मग काठी खाली येणार, मग पुढची धून. क्लॅरिनेट ओठांना लावूनच उभे होतो. सगळ्या मैदानात चिडीचूप. साहेबांचा हात कपाळाकडे निघाला, अर्ध्यात पोहोचला आणि

पीं!

एकच सूर. स्वच्छ आणि ठणठणीत. साहेबांचा हात अर्ध्यातच थबकला.

तो सूर माझा होता. मला शंकाच नव्हती. क्लॅरिनेट वाजवताना वरचे दात तिच्या तोंडावर टेकलेले असतात. आवाज कानात शिरण्याआधी दातांतून कवटीत शिरतो. वाजवणाऱ्याला त्या क्षणी शेजारी काय वाजतंय याचा पत्ता नसतो. माझ्या कवटीत ती पीं देवळातल्या घंटेसारखी घुमली.

परेड सुटल्यावर बँडमास्तरांनी आम्हा तिघांना उभं केलं. हे सुभेदारसाहेब हिमाचलकडचे. रागावले की त्यांचा आवाज खाली जायचा. त्या दिवशी तो जवळजवळ ऐकूच येत नव्हता. "किसने बजाया?"

 मी तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगतो. तेवढ्यात भैंसावाला एक पाऊल पुढे झाला.

"मैं था, साब."

पंधरा दिवस पाठीवर वाळूने भरलेला पिट्टू बांधून मैदानाच्या फेऱ्या, आणि सुट्टी रद्द. त्याची सुट्टी दुसऱ्या दिवसापासून होती. पाचव्या दिवशी त्याचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. मुलगी ठरलेली, पाहुण्यांना बोलावणी गेलेली, नवऱ्यामुलाने तेवढं निघायचं बाकी.

संध्याकाळी बराकीत तो ट्रंकेतून नवा शर्ट काढून परत घडी घालत होता. मी जवळ गेलो. सांगायला खूप होतं. त्यातलं मी नेमकं एवढं सांगितलं: "चहा घेतो का?"

तो म्हणाला, "नको."

दोन महिन्यांनी माझी बदली झाली. पत्र लिहीन लिहीन म्हणत राहिलो. माझ्यासाठी त्या माणसाने पाठ सोलून घेतली. त्याचं लग्न झालं की मोडलं, हे कुणालाही विचारायची हिंमत मला झाली नाही. मोडलं असेल तर मोडणारा मी. म्हणून निजामाबाद.

गेल्या वर्षी कुणीतरी जुन्या बँडवाल्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. भैंसावाला रोज सकाळी एक गुलाबाचं फूल टाकायचा. सगळे त्याला हात जोडायचे. मी ते फूल नुसतं बघायचो आणि मोबाइल पालथा ठेवायचो. मग एके दिवशी पंजाबातल्या आमच्या ढोलवाल्याचा संदेश आला: त्याला जुन्या परेडची कॅसेट सापडली होती, ती त्याने मोबाइलवर उतरवून घेतली होती. सगळे भेटा, मोठ्या पडद्यावर दाखवतो. खाली लिहिलं होतं, "वो ‘पीं’ भी है!" आणि पुढे हसरी तोंडं, मोजून थकावं इतकी. भैंसावाल्याने लगेच जागा सुचवली: त्याच्या मेव्हण्याची जिनिंग मिल. कापसाचा हंगाम संपलेला, शेड रिकामीच.

बायकोने तो संदेश माझ्या खांद्यावरून वाचला. "जायचं," ती म्हणाली.

"रस्ता खोदलाय."

"मी मागच्या महिन्यात गेली व्हती. रस्ता गुळगुळीत हाय."

निर्मलच्या बसस्थानकावर, भैंशाची बस समोर उभी असताना, मी तिला सगळं सांगून टाकलं. ती भजी खात होती. शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं, कागद चुरगाळला आणि म्हणाली, "म्हणजे तुमच्या एका पींपायी माझी लेक निजामाबादपर्यंत ओकत गेली?" मग बसमध्ये चढून तिने माझ्यासाठी खिडकीची जागा धरली. यालाच क्षमा म्हणत असावेत.

मिलच्या दारात एक टक्कल पडलेला, पोट सुटलेला गृहस्थ खांद्यावर टॉवेल टाकून उभा होता. मला पाहताच त्याने आरोळी ठोकली, "काबे आदिलाबादी! जित्ता हायेस तू?" आणि मिठीत घेऊन माझी पाठ अशी बडवली की, बावीस वर्षांचा बदला सुरू झाला असं मला वाटलं. आत शेडमध्ये मुधोळवाला होता. तो आता भाजी पिकवतो, आणि भेट म्हणून वांग्यांचं पोतं घेऊन आला होता. ढोलवाला टीव्हीच्या वायरींत गुंतला होता. सुभेदारसाहेब मुलाबरोबर हैदराबादहून आले होते. ऐंशीच्या घरातले, खुर्चीत ताठ बसलेले. पलीकडच्या खोलीत बायका भाकरी थापत होत्या. त्यांत भैंसावाल्याची बायको कोणती, आणि ती तीच का दुसरी, हे मला कळेना. माझी नजर सारखी त्या दाराकडे.

व्हिडिओ लागायच्या आत कबुली द्यायची, असं मी ठरवलं होतं. भाषण तयार होतं. त्यात दोन ठिकाणी गहिवरायची जागा सोडली होती. मी भैंसावाल्याला कापूस तोलायच्या काट्यामागे नेलं.

"तुले एक सांगाचं हाय," मी म्हणालो. "त्या दिवशीची ती पीं..."

"थांब बे!" मागून मुधोळवाला आला. त्याच्या डोळ्यांत पाणी. "मले पैले सांगू दे. ते माझी व्हती. मी वाजवली. इतके वर्ष मले झोप नाई."

"तुझी कशी?" मी म्हणालो. "माझी होती!"

"तुझी असती तर मले ऐकू आली नसती का?"

"तुला कशी ऐकू येणार? तू तुझ्या..." आणि माझं बोट आपोआप माझ्याच वरच्या दातांवर गेलं.

भैंसावाला आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होता. "येडे झाले का तुमी? पुढे कोन गेलता? मी. काऊन गेलतो? माझी व्हती म्हणून."

"तू मला वाचवायला गेला नव्हतास?"

"तुले?" तो इतक्या प्रामाणिकपणे चकित झाला की मला जरा लागलंच. "तुले काऊन वाचवू बे? तू माझा साबण वापरत व्हता."

तीन संसारी माणसं एका पींच्या मालकीवरून भांडत होती. आवाज चढले. शेवटी ढोलवाल्याने तिकडून हाक मारली, "ओए, लड़ो मत! आके देख लो!"

टीव्हीवर धूळ उडालेलं मैदान आलं, आणि मग ड्रम मेजर आला. शेडमधली कुजबुज आपोआप थांबली. तो चार वर्षांपूर्वी वारला. साडेसहा फूट उंच, मिशीला रोज सकाळी तूप लावणारा, आणि त्या तुपाला मुंग्या येतात म्हणून रात्री मिशीला रुमाल बांधून झोपणारा. सात वर्षं आम्ही त्याच्या मागे चाललो, म्हणजे सात वर्षं आम्ही त्याची पाठच पाहिली. कॅमेरा समोर होता. वाजत-गाजत चालताना त्याचा चेहरा कसा दिसतो, हे आम्हा तिघांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. नवरदेवासारखा दिसत होता. सुभेदारसाहेब हळूच म्हणाले, "क्या चाल थी इसकी." 

पडद्यावर धून संपली. काठी वर गेली. शांतता. जनरलसाहेबांचा हात निघाला. तेवढ्यात वारा आला, ड्रम मेजरच्या फेट्याचा मागे लोंबणारा शेमला उडून थेट त्याच्या नाकावर बसला. त्याने मान झटकली. कोपर हललं. काठी चार बोटं खाली आली.

आणि पहिल्या रांगेत तीन जोड गाल एकदम फुगले.

पीं!

"फिर से," सुभेदारसाहेब म्हणाले. ढोलवाल्याने मागे नेऊन पुन्हा लावलं. तिघांचे गाल, एक आवाज. "फिर से." पाच वेळा पाहिलं. पाचव्या वेळी मुधोळवाल्याने ड्रम मेजरकडे बोट दाखवलं. त्याची नजर समोर, मान ताठ, छाती पुढे. पण मिशीचं डावं टोक थरथरत होतं. तो हसू दाबत होता. त्याला माहीत होतं! आमच्या पुढ्यात उभं राहून, आम्हाला पाठ करून, लबाड हसत होता, आणि ते गुपित बरोबर घेऊन गेला.

सुभेदारसाहेब काठी टेकत उठले. मला वाटलं, पुन्हा पिट्टू. "सात साल," ते म्हणाले, आवाज जवळजवळ ऐकू येत नव्हता, "सात साल मैं रोता रहा कि तीनों मिल के बजाओ, तीन नहीं, एक सुनाई देना चाहिए. और जिस दिन सचमुच एक सुनाई दिया, उस दिन मैंने सज़ा दे दी!" त्यांनी भैंसावाल्यापुढे हात जोडले. भैंसावाल्याने धावत जाऊन ते हात धरले. "साब, हाथ मत जोड़िए, घरवाली देख लेगी तो पूछेगी क्या हुआ."

मग जे हसू फुटलं, त्यात माझ्या छातीवरचा दगड कधी घरंगळला ते कळलंच नाही. मुधोळवाला तर पोत्यावर बसून वांग्यांसकट हलत होता. पण माझा एक प्रश्न राहिला होता, आणि आता तो विचारायला मी मोकळा होतो.

"काय रे," मी म्हणालो, "तुझं ते साक्षगंध? सुट्टी गेली, मग सोयरीक मोडली का?"

भैंसावाल्याने दाराकडे चोरटी नजर टाकली आणि माझा दंड धरून मला जवळ ओढलं. "हळू बोल. मोडते कशाले? मी सासऱ्याले चिठ्ठी लिवली का, सरहद्दीवर गुप्त कामगिरी हाय, जास्त विचारू नका. सासरा उलट खूश. म्हणे असा जावई दिवा घेऊन हुडकला तरी सापडाचा नाई. दोन महिने थांबला, आन् मंग थेट लग्नच लावलं. तीच हाय ना आत, भाकरी करून राह्यली. तुझ्या वहिनीले आजवर काई..."

तो बोलायचा थांबला, कारण मी त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होतो. त्याची बायको हातात भाकरीची टोपली घेऊन आमच्या मागे उभी होती. टीव्हीवर ढोलवाल्याने सहाव्यांदा ते लावलं होतं. तिने आधी टीव्ही पाहिला, मग नवऱ्याला पाहिलं, आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"अवं, मंग माझ्या बापानं गावभर पेढे कायचे वाटले? ह्या पींचे?"