बर्फाच्या गाडीचा हॉर्न

गाडीत बसण्याआधी दादा खिडकीतून हात आत घालायचा आणि हॉर्न दोनदा दाबायचा. रोज. घरासमोर, बर्फाच्या कारखान्यात, बहिणीच्या शेडमध्ये. कुणी विचारलं तर म्हणायचा, "म्हातारी जागी आहे का बघतो." म्हातारी म्हणजे त्याची जुनी पिकअप.

वीस वर्षं त्याने बर्फाच्या लाद्या वाहिल्या. उचलताक्षणी लादी किती वितळली आहे ते तो अचूक सांगायचा. पण हातातला चहा गरम आहे की गार, हे त्याला ओठ लावल्याशिवाय कळत नसे. बोटांची टोकं केव्हाच बधिर झाली होती. वहिनी म्हणायची, "ह्यांनी हात हातात घेतला की मला हुडहुडी भरते." तरी सोडवून घ्यायची नाही.

बहीण त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान. वडिलांच्या मागे गाड्यांच्या वायरिंगचं काम तिनेच चालू ठेवलं. तिचा पारा पटकन चढतो म्हणून दादा तिला फ्यूज म्हणायचा, गिऱ्हाइकांसमोरसुद्धा.

त्या दुपारी तो शेडमध्ये आला तेव्हा मागे लाद्या भरलेल्या होत्या. ताडपत्रीखालून पाणी ठिबकत होतं.

"फ्यूज, हॉर्न दगा देतोय. जुन्या गिरणीच्या वळणावर दाबला की मुका. काल ट्रक अगदी अंगावर आला होता."

गिरणीच्या उंच भिंतीमागे ते वळण दडलेलं होतं. पलीकडचं काही दिसत नसे. गाडीवाल्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं: जो आधी हॉर्न देईल त्याने आधी जायचं, आणि कुणाचाच आवाज आला नाही तर रस्ता मोकळा समजायचा.

तिने बटण दाबलं. हॉर्न खणखणीत वाजला.

"हा बघ तुझा मुका."

"इथे वाजतो गं. तिथे वाजत नाही."

"का? वळणाला घाबरतो की काय? दादा, बोटं बधिर झालीत तुझी. बटण दाबलं गेलं की नाही, तुलाच कळत नाही."

त्याने बोटांकडे पाहिलं, हसला. "असेल बुवा."

तरी तिने काम टाळलं नाही. वडिलांनी लावून दिलेला क्रम होता: आधी फ्यूज, मग रिले, मग अर्थ. फ्यूज शाबूत होता. रिले टिक करत होता. गाडीच्या पुढच्या जाळीमागे वाकून तिने पत्र्याला बोल्टने आवळलेली अर्थची तार पाहिली आणि तिचा चेहरा उजळला. बोल्ट गंजून त्याची तांबूस भुकटी झाली होती. तिने तो उपटून काढला, पत्रा घासून चकचकीत केला, नवा बोल्ट आवळला. आता हॉर्न इतका जोरात वाजला की शेजारचा पंक्चरवाला ओरडला, "अहो बाई, कान शाबूत ठेवा आमचे!"

दोष सापडला होता. डोळ्यांना दिसला होता, हाताला लागला होता. मग दुसरा शोधायला मन राजी होत नाही.

"थांब, एक फेरी मारून आणते." वडील फेरी मारल्याशिवाय कुणाची गाडी देत नसत.

"लाद्यांना पाणी सुटलंय गं. हे बघ." पाण्याचा ओघळ तिच्या चपलेपर्यंत आला होता.

तिने पाय मागे घेतला. "बरं, जा."

त्याने खिडकीतून हात घातला. दोनदा दाबला. दोनदा वाजला. मग बसला, आणि अरुंद शेडमधून गाडी आली तशीच सरळ मागे बाहेर गेली. रस्त्यावर पाण्याची बारीक रेघ उमटत राहिली.

हात पुसता पुसता ती थबकली. इथे वाजतो, तिथे वाजत नाही. इथे चाकं सरळ होती. खिडकीतून तो रोज दाबायचा, तेव्हाही सरळच असायची. बटणाची वीज स्टीअरिंगखालच्या, त्याच्याबरोबरच फिरणाऱ्या पितळी चकतीतून जाते. ती चकती एकाच बाजूने झिजली असेल तर?

तिने फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, ही शपथ तिनेच त्याला घातली होती. ती रस्त्यावर धावली. रेघ अजून ओली होती.

दादा त्या वळणावर जागीच गेला. ट्रकवाला सगळ्यांना एकच सांगत होता: आवाज आला नाही हो, मला वाटलं रस्ता मोकळा आहे.

चौथ्या दिवशी पिकअप ओढून शेडमध्ये आणली. नाक चेपलं होतं, हॉर्नचा चुरा झाला होता, पण स्टीअरिंग फिरत होतं आणि बॅटरीत जीव होता. तिने हॉर्नच्या तारांना तपासणीचा दिवा जोडला. स्टीअरिंग सरळ धरून बटण दाबलं. दिवा लागला. डावीकडे फिरवून दाबलं. लागला नाही. पुन्हा सरळ. पुन्हा डावीकडे. वहिनीने येऊन मनगट धरलं तोवर ती तेच करत होती.

दादाच्या चहाचा पेला अजून शेडच्या खिडकीत होता, वर बशी. निघताना गाडीतून डोकं बाहेर काढून तो म्हणाला होता, "चहा झाकून ठेव, फ्यूज. लाद्या उतरवून आलोच."